नेमणुकीआधीचं अभिनंदन

साहेब, पाइपलाइन रोडच्या चौकात तुमचा फोटो लागला होता. खोलीएवढा फ्लेक्स, दोन खांबांना तारेनं आवळून बांधलेला. मी भाजी घेऊन परत येत होते. आधी वाटलं, उन्हानं डोळ्यांपुढं काहीतरी येतंय. पिशवी खाली ठेवली, चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. तुम्हीच होता. वकील संघाच्या हॉलमधला तो जुना फोटो, काळा कोट, ओठ घट्ट मिटलेले, एखाद्या वकिलानं तोच मुद्दा तिसऱ्यांदा काढल्यावर व्हायचा तसा चेहरा. तुमच्या शेजारी कारखान्याचे चेअरमन हात जोडून हसत होते, आकारानं तुमच्या दुप्पट. खाली त्यांच्या कार्यकर्त्यांची रांग, त्यातल्या निम्म्यांना तुम्ही जामीन दिला नसता. आणि मधोमध आपली तिसगावची पोर, वकिलाच्या वेषात. तिच्या डोक्यावर ठळक अक्षरं होती, ‘हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ तुमच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘प्रेरणास्थान’.

निवड झालेली नव्हती, साहेब. नुसतं नाव सुचवलं गेलं होतं. पण आपल्या जिल्ह्याची सवय तुम्हाला ठाऊक आहे. इथं काम होण्याआधी त्याचा सत्कार होतो. पुलाचं टेंडर निघायच्या आत नारळ फुटतो, निकाल लागायच्या आत गुलाल उडतो, आणि शाल तर कुणाच्याही खांद्यावर कशाहीसाठी पडते. तुम्ही जिल्हा न्यायाधीश म्हणून नगरला रुजू झालात त्याच दिवशी शाल-श्रीफळ घेऊन मंडळी चेंबरच्या दारात उभी होती. तुम्ही विचारलंत, “कशाबद्दल?” त्यांच्यातला एक म्हणाला, “साहेब, आपण आलात त्याबद्दल.” तुम्ही म्हणालात, “मी आलो नाही, माझी बदली झाली,” आणि फाइल उघडलीत. ती मंडळी नारळासकट परत गेली. मी कोपऱ्यात पेन्सिलींना टोक करत बसले होते. मला हसू आवरेना. तेवढ्यात तुमची नजर माझ्यावर पडली आणि हसू आपोआप आवरलं.

मी तेव्हा नवी होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घासून पुसून दिलेलं इंग्रजी आणि शॉर्टहँडचं सर्टिफिकेट एवढ्या भांडवलावर मला कोर्टात स्टेनोची नोकरी मिळाली होती. इंग्रजी कॉन्व्हेंटनं दिलं, जीभ मात्र माझ्या घरची. पहिल्या दिवाळीला एका बंगल्यावरून तुमच्यासाठी लाडवांचा डबा आला. आताचे चेअरमन आहेत ना, त्यांच्या वडिलांच्या बंगल्यावरून. पट्टेवाला रजेवर होता, म्हणून मी तो घेतला आणि तुमच्या टेबलावर नेऊन ठेवला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, “घेतला कुणी?” मी म्हटलं, “मी.” “मग परत कोण करणार?” त्या दिवशी भर दुपारी, दिवाळीची नवी साडी नेसून, डोक्यावर ऊन घेत मी तो डबा हातात धरून चालत गेले. वाटेत तुम्हाला इतकी इंग्रजी विशेषणं वाहिली की सिस्टरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. बंगल्याच्या ओसरीवर त्या घरच्या बाई गहू निवडत होत्या. त्यांना मी सांगितलं, “साहेबांनी परत पाठवलाय.” त्यांनी डब्याकडं पाहिलं, माझ्या घामाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, लाडू हायेत, बॉम्ब न्हाई.” मग मला पाणी दिलं. पाणी मी प्यायले. त्याची परवानगी तुम्हाला विचारलेली नव्हती.

तिसगावची पोर कोर्टात आली ती पुढं काही वर्षांनी. तुम्हाला ती पहिल्या दिवसापासून आठवत असणार. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. सहा महिने कारखान्याच्या फडात, सहा महिने गावी. ही आजीपाशी राहून शिकली, वकील झाली, आणि एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली तारखा मागायला तुमच्यापुढं उभी राहायला लागली. बार रूममध्ये बायकांना बसायला जागा नव्हती. म्हणून ती डबा घेऊन माझ्या टेबलापाशी यायची. भाकरी, लसणाची चटणी, कधी मेथी. माझ्या डब्यातल्या सँडविचकडं पाहून म्हणायची, “बाई, हे खाऊन तुमचं पोट भरतं व्हय?” कोर्टात उभी राहिली की तिचं बोलणं पुस्तकातलं होई. माझ्या टेबलापाशी ते परत तिसगावचं होई.

तिच्या गळ्यातले ते पांढरे बँड तुमच्या लक्षात आले होते. जुन्या चादरीतून घरी कापलेले, कडा दुमडलेल्या, इस्त्रीनं पिवळे पडलेले. समोरच्या वकिलानं एकदा त्यावरून काहीतरी खुसखुस केलं. तुम्ही मान वर केली नाहीत, फक्त त्याच्या पुढच्या तारखेचा अर्ज फेटाळलात. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदाची एक पुडी होती. आत बँडचे दोन जोड, खळ केलेले, तुमच्या स्वतःच्या वापरातले. “त्या मुलीला द्या. माझं नाव नको.” मी दिले. तिनं विचारलं, “कुणी दिलं?” मी म्हटलं, “वापर आणि गप बस.” पण ती वकील होती. जोडावरच्या धोब्याच्या खुणेवरून तिनं संध्याकाळपर्यंत शोध लावला आणि आयुष्यात एकदाही त्याबद्दल तुमच्याशी बोलली नाही. दोघंही तसलेच.

आता मी तुम्हाला एक गोष्ट तोंडावर सांगणार आहे. तुम्ही हयात असताना ती सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. आतासारखं तेही निवडणुकीचंच वर्ष होतं. हायकोर्टातली एक जागा रिकामी होती आणि जिल्हा न्यायाधीशांमधून तुमचं नाव वर गेलं होतं. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, पण कोर्टाच्या भिंतींना सगळं कळतं. त्या लाडवांच्या बंगल्यावरून निरोप आला, “साहेबांना म्हणावं, एकदा चहाला या.” बस, एवढंच. तुम्ही गेला नाहीत. यादी आली आणि तीत तुमचं नाव नव्हतं, त्या दिवशी तुम्ही मला कर्जतच्या एका बांधाच्या भांडणाचा निकाल सांगत होता. पट्टेवाल्यानं चिठ्ठी आणून दिली. तुम्ही ती वाचलीत, उलटी करून ठेवलीत, पाणी मागितलंत, आणि जिथं वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढं चालू केलंत. माझी पेन्सिल थांबली होती, तुमची जीभ नाही. त्या निकालात एकही शब्द इकडचा तिकडं झाला नाही. सगळं कोर्ट तुमचं कौतुक करत राहिलं, काय हा संयम, काय हा माणूस.

मला ते पटलं नाही, साहेब. तेव्हाही नाही, आजही नाही. तुम्ही म्हणायचात, न्यायाधीशानं निकालातून बोलावं. बरं. पण तुम्ही गप्प बसलात म्हणून त्या बंगल्याला वाटलं, असंच चालतं. आपण चहाला बोलवायचं, येईल तो वर जाईल, न येईल तो निवृत्त होईल, आणि कुणी अवाक्षर काढणार नाही. तुमचा संयम त्यांच्या सोयीचा झाला. तुम्ही रागावाल. रागवा. मी पेन्शनर आहे, माझी बदली करता येणार नाही.

तर आता या वेळचं ऐका. आपल्या भागातले एक न्यायमूर्ती निवृत्त झाले आणि खंडपीठावर जागा रिकामी झाली. हायकोर्टातल्या वरिष्ठ न्यायमूर्तींनी वकिलांमधून जी नावं सुचवली त्यात आपल्या पोरीचं नाव होतं. इतकी वर्षं तिथं वकिली केलीय तिनं, जमिनीच्या दाव्यांत तिच्यापुढं उभं राहायला भले भले कचरतात. नाव पेपरात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्यात ती जागा म्हणजे जणू झेडपीचा गट झाला. ‘ही जागा नगरला सुटली.’ ‘ही जागा आपल्या समाजाची.’ ‘ही जागा पूर्व भागाला मिळालीच पाहिजे.’ जागा सुटते ती तिकीटवाटपात, मी कट्ट्यावरच्या बायकांना सांगून दमले. न्यायमूर्तींची खुर्ची कुणाला सुटत नसते. त्या म्हणाल्या, “तुम्हाला काय त्रास? आपलीच पोर आहे ना?”

चेअरमनना तिसगाव-पाथर्डीकडची ऊसतोड्यांची मतं हवी होती. म्हणून ते सभेत सांगू लागले, “ऊसतोड मजुराच्या लेकीला आम्ही हायकोर्टात बसवतोय.” आम्ही! आमदार त्यांच्या विरोधातले. त्यांच्या साडूचा मुलगा सरकारी वकील, त्याला तीच खुर्ची हवी. आमदारांनी दिल्लीला तक्रार धाडली की ही बाई चेअरमनच्या पक्षाची कार्यकर्ती आहे. पुरावा काय, तर एक फोटो. ऊसतोड मजुरांच्या मुलींच्या वसतिगृहात बक्षीस समारंभ होता, तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, आणि तिथं चेअरमननी तिच्या खांद्यावर शाल टाकली होती. त्या शालीबद्दल तिनं माझ्याकडं तेव्हाच कुरकुर केली होती, “बाई, खांदा वळवायच्या आत अंगावर पडती ओ.” ती शाल आता तिच्या गळ्याशी आली. आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून चेअरमननी चौकाचौकात फ्लेक्स लावले. आमदारांना आणखी काय पाहिजे होतं? त्यांच्या माणसांनी फ्लेक्सचे फोटो काढून दिल्लीला पाठवले. फाइल तिथंच बसली.

मधे तिच्या गावी गुप्त चौकशीला एक माणूस येऊन गेला. इतका गुप्त की तिसगावच्या बाजारात शेवचिवडा विकणाऱ्यानं त्याला तिचं घर दाखवलं. तिची आई आता फडात जात नाही, दारात बसून असते. त्यानं विचारलं, तुमची मुलगी कोणत्या पक्षाची? आईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, “पोरगी वकील हाय. पक्ष पितरांचा आसतो, त्यो आत्ताच झाला.” हे पोरीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून पडायची राहिले. त्यानं अहवालात काय लिहिलं असेल देव जाणे.

मग चेअरमनचा पीए माझ्या घरी आला. पांढरे बूट, हातात दोन मोबाईल, दाराबाहेर गाडी चालू ठेवलेली. म्हणाला, “मॅडम, रविवारी भव्य नागरी सत्कार आहे. आपले थोर न्यायाधीश साहेब, त्यांना मरणोत्तर जिल्हाभूषण द्यायचंय. त्यांना मूलबाळ नाही. तुम्ही त्यांच्या वतीनं स्वीकारा. आणि ताईंना स्टेजवर आणायची जबाबदारी तुमची. त्या तुमचं ऐकतात.” मी विचारलं, “ती आली नाही तर?” तो म्हणाला, “मॅडम, समजून घ्या. आचारसंहिता आठवड्यावर आलीय. त्याआधी चेअरमन साहेबांचा दिल्लीला एक फोन गेला की फाइल हलते. ताई आल्या तर साहेब फोन करतील. नाही आल्या तर साहेबांना तरी काय पडलंय?” मी त्याला म्हटलं, “बूट बाहेर काढायचे असतात, हे तुला घरी शिकवलं नाही का?” तो खाली पाहायला लागला. मग मी म्हटलं, “आता घातलेच आहेत, तर त्यांचा उपयोग कर.” तो गेला.

शनिवारी पोर स्वतः आली. खंडपीठातलं काम आटोपून थेट गाडीनं, संध्याकाळी. ओट्यापाशी स्टूल ओढून बसली, जशी माझ्या टेबलापाशी बसायची. डोक्यावर पांढरे केस दिसायला लागलेत तिच्या, पण ती मला अजून पोरच वाटते. मी पोहे केले. तिनं दोन घास खाल्ले. शेवटी म्हणाली, “बाई, सगळे म्हणतायत, दहा मिनिटांचं काम आहे. जायचं, शाल घ्यायची, यायचं. मग खुर्चीत बसल्यावर चेअरमनच्या विरोधात निकाल द्यायला मोकळी.” मी विचारलं, “तुला काय वाटतं?” ती पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत राहिली. आणि मग एकदम तिसगावची झाली. “माझी आय त्यांच्याच फडात ऊस तोडायची. मी पाळण्यात हुते तवा. कुणी शाल टाकली न्हाई तिच्यावर. आता मला म्हनत्यात, आमी बसवलं. न्हाई जायचं मला. आन् त्यो फ्लेक्सबी काढायला लावनार हाय. सोमवारी नोटीस देती.”

मी तिला म्हटलं, “आचारसंहिता लागली की फ्लेक्स आपोआप उतरतील. थांब ना जरा.” ती म्हणाली, “आपोआप उतरलं तर मी काढायला सांगितलं हे कुणाला कळणार?” साहेब, तुमचे बँड बांधलेल्या गळ्यातून हे वाक्य आलं. तुमच्या तोंडून ते मला तेव्हा ऐकायचं होतं.

रविवारी आम्ही दोघीही गेलो नाही. सोमवारी तिनं नोटीस दिली. कुणाची माफी नाही, कुणाची विनवणी नाही. माझी नेमणूक झालेली नाही, तुमचा तिच्याशी संबंध नाही, माझं छायाचित्र काढा. मग मलाही बसवेना. तिचा फोटो तिचा, पण तुमच्यासाठी नोटीस कोण देणार? मी रिक्षा केली आणि त्याच बंगल्यावर गेले. बंगला वाढलाय, ओसरीच्या जागी काचेचं दालन झालंय, पण फाटक तेच. चेअरमन सोफ्यावर बसून फोनवर बोलत होते. मला पाहून फोन ठेवला. “या मॅडम, बसा. चहा?”

“चहा नको. फोटो काढा.”

“कुणाचा?”

“साहेबांचा. चौकातला. त्यांना कसलं प्रेरणास्थान करून ठेवलंत तुम्ही? हयात असताना त्यांनी तुमच्या वडिलांचा चहा घेतला नाही. आता मेल्यावर तुमचा प्रचार करतील?”

“अहो मॅडम, जिल्ह्याचा मान आहे तो. उलट आम्ही त्यांना लोकांपुढं आणतोय.”

“लोकांपुढं आणायला ते काय नवीन दुचाकी आहेत?”

आतून काठीचा आवाज आला. “कोन हाय रं?” म्हातारी बाहेर आली. वाकलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. माझ्याजवळ येऊन तिनं माझा चेहरा न्याहाळला, अगदी गहू निवडल्यासारखा. म्हणाली, “तुमी त्या लाडवाच्या बाई ना?”

मी म्हटलं, “हो.”

“काय ऊन हुतं त्या दिशी.” ती खुर्चीत बसली. “काय म्हनत्यात ह्या?”

चेअरमन म्हणाले, “काही नाही आई. तू मधे बोलू नको.”

“मधी न्हाई बोलत. वरनं बोलती. आय हाय मी तुजी.” मग माझ्याकडं वळून, “काय झालं, सांगा.” मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पोराकडं वळली आणि म्हणाली, “काढ त्यो फोटू. ज्या मानसानं माजं लाडू खाल्लं न्हाईत, त्यो तुज्या बोर्डावर बसंल व्हय? रातीतनं उतरून जाईल त्यो.”

चेअरमन हसले. आईपुढं दुसरं काय करणार. फोन करून माणूस धाडायला सांगितलं. मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथं हसू गेलं. हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्या साहेबांना उतरवतो. आता तुम्ही पोरीला सांगा, नोटीस मागं घे म्हणावं. रविवारचं झालं गेलं. दोन ओळींचं पत्र दे, गैरसमज झाला म्हणून. मी आज फोन करतो. परवा आचारसंहिता लागतीय, मग माझ्याही हातात काही नाही. जन्माचं नुकसान होईल तिचं. तुम्हाला चालेल?”

संध्याकाळी मी पुन्हा चौकात गेले. फ्लेक्स खाली उतरवायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. ब्लेडनं तुमच्यापुरतं कापून काढलं होतं. चेअरमनच्या खांद्यालगत एक चौकोनी भोक, आणि त्यातून मागच्या बिल्डिंगच्या गॅलरीत वाळत घातलेली कुणाचीतरी लुंगी दिसत होती. ‘प्रेरणास्थान’ हा शब्द तसाच खाली. मी तिथंच, बसस्टॉपवर बसून तिला फोन केला. चेअरमन जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. माझं मत मिसळलं नाही, शब्द गाळला नाही, सूर बदलला नाही. आयुष्यभर तेच काम केलंय. तुम्हाला माझ्या उताऱ्यात कधी खोट काढता आली नाही. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, “भोक केवढंय?”

मी हातानं माप दाखवायला लागले, फोनवर. मग म्हटलं, “चांगलं खिडकीएवढं.”

ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, “बाई, मग त्यांना सांगा, हात लागलाच हाय तर माझाबी कापून काढा.” मी विचारलं, “म्हणजे पत्र नाही?” ती म्हणाली, “न्हाई.” मी चेअरमनना एवढाच एक शब्द कळवला.

परवा आचारसंहिता लागली. महापालिकेची माणसं शिडी घेऊन आली आणि सगळ्या पक्षांचे सगळे फ्लेक्स उतरवून टेम्पोत टाकून गेली. आणि नंतर यादी आली. साडूच्या मुलाचंही नाव नाही, हे आमदारांचं दुःख. आपल्या पोरीचं नाही, हे माझं. बाकीची नावं झाली, ती एक खुर्ची निवडणुकीनंतर बघू म्हणून तशीच ठेवली. दोन्ही बाजूंनी फटाके मात्र वाजले. दुसऱ्याला मिळालं नाही, याचे. तिच्या आईला मी फोन केला, तर तिचं वेगळंच. “फ्लेक्स कुठं टाकलं त्यांनी? फडातल्या कोपीवर छप्पर म्हनून घालाया झाला आसता की एखाद्याला. मधी भोक हाय म्हनं, मग तर चांगलंच. धूर जाया वाट.” गावातून ऊसतोडीच्या गाड्या निघायला लागल्यात आता.

आज ती नेहमीसारखी खंडपीठात उभी होती. श्रीगोंद्याच्या कुणा विधवेच्या जमिनीचा दावा. दुपारी तिनं सांगितलं, बेंचवरचे न्यायमूर्ती तिला म्हणाले, तुम्ही आज येणार नाही असं वाटलं होतं. ती म्हणाली, “माझं मॅटर बोर्डावर आहे, माय लॉर्ड.” तुमच्यासारखंच ना? जिथं वाक्य सोडलं तिथून पुढं. पण फरक आहे, साहेब, आणि तो मी तुम्हाला विसरू देणार नाही. तिनं आधी नाही म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि मग पुढं चालू केलं. निवडणुकीनंतर ती फाइल पुन्हा निघेल किंवा निघणार नाही. निघाली तरी हे लोक पुन्हा फ्लेक्स छापतील, आणि मी पुन्हा रिक्षा करीन. माझे गुडघे दुखतात, पण रिक्षात चढता येतं.

हे तुम्हाला कुठं पाठवायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी तुम्ही लाल पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवलं असतंत. म्हणून ते इथंच थांबतं. फक्त एक राहिलं. तिचं नाव पेपरात आलं त्याच आठवड्यात मी कापड बाजारात गेले होते. शपथविधीला नेसायला एक साडी घेतली. मोतिया रंगाची, बारीक काठाची. फॉल-पिको करून आणली, ब्लाऊजसुद्धा शिवून घेतला, आणि घडी करून कपाटात ठेवली. कट्ट्यावरच्या बायकांना आणि त्या पीएला नेमणुकीआधीच्या सत्काराबद्दल मी बोलत होते, तेव्हा ती साडी कपाटातच होती. आणि त्या शनिवारी, पोर पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होती तेव्हा, क्षणभर माझ्याही ओठांवर आलं होतं, जा की, दहा मिनिटांचं तर काम आहे. मी ते चहाबरोबर गिळलं. साडी परत करणार नाही. दुकानदार घेईल, पण मी देणार नाही.